जॉन लॉर्ड: गिटार समजून ऐकलेला ऑर्गन

दर १६ जुलैला, त्याच्या स्मृतिदिनी, डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे चाहते त्यांचा ऑर्गनवादक जॉन लॉर्डची आठवण काढतात आणि त्यातले निम्मेअधिक बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं लावतात. म्हणजे आठवण ऑर्गनवाल्याची आणि कानावर आधी पडते ती बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोरची गिटार. तक्रार निवडीबद्दल नाही. पुढे काय होतं ते ऐकायचं राहून जातं, हे खटकतं. सुरुवातीला एकटी गिटार तो गाजलेला रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, वाजवते. मग हाय-हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी) येतो आणि त्याच्यासोबत आवाज अचानक जाड होतो. तो जाडपणा दुसऱ्या गिटारचा नाही. तोच रिफ मार्शल अँपमधून (गिटारच्या ध्वनिवर्धकातून) फाटलेल्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या, आवाजात वाजवणारा हॅमंड ऑर्गन तिथे आला आहे. पन्नास वर्षं लाखो लोकांनी तो ऑर्गन गिटार समजून ऐकला. लॉर्डला काय साधलं होतं, हे एका वाक्यात सांगायचं तर हेच.

आधी तपशील नीट करून घेऊ, कारण श्रद्धांजलीच्या मजकुरात तेच हमखास चुकतात. जन्म ९ जून १९४१, इंग्लंडमधलं लेस्टर. मृत्यू १६ जुलै २०१२, लंडन, वय ७१. स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं त्यानं ऑगस्ट २०११ मध्ये जाहीर केलं होतं, पण मृत्यू झाला तो फुफ्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकल्यामुळे. बँड सोडला २००२ साली, त्याच्या जागी डॉन एअरी आला. दफन बकिंगहॅमशरमधल्या हॅम्बल्डन गावातल्या चर्चच्या आवारात. आणि वाद्य हॅमंड सी-३, बी-३ नव्हे. आत दोन्ही सारखेच, फरक लाकडाचा: बी-३ चार पायांवर उघडा उभा असतो, सी-३ ला खालपर्यंत फळ्या असतात, कारण तो चर्चसाठी बनवलेला. आवाजात काही फरक नाही, पण फोटोखाली बी-३ लिहिलं की जाणकार मान हलवतात.

आता मुख्य गोष्ट. हॅमंडमध्ये नळ्या नाहीत, रीड नाहीत. एका मोटरवर दातेरी पोलादी चकत्या फिरतात, प्रत्येकीसमोर चुंबक आणि तारेचं वेटोळं. चकतीचे दाते चुंबकासमोरून गेले की वेटोळ्यात वीज हेलकावते, तोच सूर. अशा ९१ चकत्या. यंत्रणा गिटारच्या पिकअपच्या (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबक-वेटोळ्याच्या) जवळची आहे, म्हणून हॅमंडला गिटारचा अँप मानवतो. या वाद्याच्या जोडीला जो स्पीकर वापरायचा रिवाज होता तो लेस्ली: वर फिरता भोंगा, खाली फिरता ड्रम, ४० वॉटचा ट्यूब अँप. जॅझ आणि गॉस्पेलला तो पुरेसा. ब्लॅकमोरच्या मार्शलशेजारी तो ऐकूच येईना, तेव्हा लॉर्डनं आपलाही ऑर्गन मार्शलला जोडला. हेतू फक्त आवाज मोठा करण्याचा होता, पण वाद्याचा स्वभावच पालटला.

स्वभाव पालटला म्हणजे काय झालं, हे ड्रॉबार समजल्याशिवाय कळत नाही. हॅमंडला वर-खाली दोन कीबोर्ड असतात. प्रत्येक कीबोर्डसाठी नऊ ड्रॉबार, म्हणजे सुरात कोणता घटक किती मिसळायचा ते ठरवणाऱ्या सरकत्या दांड्या, प्रत्येक शून्य ते आठ इतका बाहेर ओढता येतो. त्यांची फुटांतली नावं पाइप ऑर्गनच्या नळ्यांच्या लांबीवरून आलेली. डावीकडून पहिला, १६ फुटी, म्हणजे खर्जातला सा. दुसरा, ५⅓ फुटी, पंचम. तिसरा, ८ फुटी, मूळ सा. चौथा तार सा, पाचवा तार पंचम, सहावा त्याहून वरचा सा, सातवा गंधार, आठवा पंचम, नववा सर्वांत वरचा सा. पहिले दोन तपकिरी, उरलेले सगळे सा पांढरे, बाकीचे काळे. मांडणी आकड्यांत लिहितात. ८८ ८००० ००० म्हणजे पहिले तीन पूर्ण ओढलेले, बाकी आत.

लॉर्डच्या ढंगाचा आवाज शोधायचा तर सुरुवात याच मांडणीपासून करावी. कारण साधं आहे. पहिल्या तीन ड्रॉबारांच्या कंपनसंख्या एकास दोन आणि तीन अशा पटीत असतात. हे मिश्रण अँपमध्ये फाटलं की अँप स्वतःहून त्याच्या वरच्या पटी निर्माण करतो, म्हणजे उरलेल्या ड्रॉबारांचं काम अँपच करतो. नवशिके नेमके इथे फसतात. जोरदार आवाज हवा म्हणून नऊच्या नऊ ड्रॉबार ओढतात आणि वर डिस्टॉर्शन लावतात. मग वरचे सूर एकमेकांवर आदळून आवाज पत्र्यासारखा होतो. स्वच्छ आवाजात ८८ ८८८८ ८८८ भव्य वाटतं, फाटलेल्या आवाजात तेच कर्कश होतं. चौथा ड्रॉबार तीन-चारपर्यंत ओढून पाहावा, त्यापलीकडे फार जाऊ नये.

हॅमंडचा पंचम शुद्ध पंचमाहून किंचित खाली असतो, कारण तो समान अंतराच्या सप्तकातल्या चकतीकडूनच उसना घेतलेला असतो. त्यामुळे तीन ड्रॉबारांच्या एका पट्टीतही अगदी संथ हेलकावा असतो. अँप फाटला की तो हेलकावा ठळक होतो. नुसती एक पट्टी दाबून धरली तरी लॉर्डचा आवाज जिवंत वाटतो, त्यात याचा मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट उजव्या पायाची. हॅमंडची पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. लहानमोठा होतो तो पायाखालच्या एक्स्प्रेशन पेडलमुळे. पण अँप आधीच फाटण्याच्या उंबरठ्यावर असेल, तर पेडल फक्त आवाजाची पातळी बदलत नाही, फाटण्याचं प्रमाणही बदलतं. पेडल मागे घेतलं की आवाज जवळजवळ स्वच्छ, पुढे रेटलं की गुरगुर. गिटारवाला व्हॉल्यूमची कळ फिरवून जे करतो ते लॉर्ड पायानं करत होता. म्हणून अँपची पातळी अशी लावावी की पेडल अर्ध्यावर असताना आवाज नुकता खरखरायला लागेल. पेडल पूर्ण पुढे ठेवूनच अँप लावला तर मागे घेतल्यावर आवाज नुसता बारीक होतो, रंग बदलत नाही.

तिसरी गोष्ट हाताची. फाटलेल्या अँपमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. सा आणि पंचम, किंवा सा आणि मध्यम एकत्र दाबले तर हे नवे सूर जुळणारे येतात. त्यात गंधार मिसळला की गढूळपणा येतो, खर्जात तर चिखलच होतो. 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ सा-मध्यम इतक्या अंतरावरच्या दोन-दोन सुरांत बांधलेला आहे, म्हणून तो ऑर्गनवरही तितकाच टणक वाजतो. पूर्ण तीन सुरांचा कॉर्ड हवा तर पेडल मागे घ्यायचं, किंवा कॉर्ड वरच्या सप्तकात न्यायचा. डीप पर्पल वाजवणाऱ्या बँडचा कीबोर्डवाला रिफमध्ये पूर्ण मायनर कॉर्ड दाबतो तेव्हा सगळा बँड धूसर होतो, आणि दोष मात्र साऊंडवाल्याच्या माथी जातो.

पर्कशनचा, म्हणजे सुराच्या सुरुवातीला टणत्कार देणारा, खटका अनेकांना चकवतो. हॅमंडवर पर्कशन फक्त वरच्या कीबोर्डला मिळतं, तेही ठरावीक प्रीसेट कळ (तयार मांडणी निवडायची कळ) दाबलेली असतानाच. ते चालू केलं की नववा ड्रॉबार गप्प होतो, कारण त्याचेच संपर्क पर्कशन वापरतं. ओढून ओढून नववा वाजत नाही म्हणजे वाद्य बिघडलं असं नाही. शिवाय पर्कशनचा टणत्कार सगळी बोटं उचलल्याशिवाय पुन्हा येत नाही. सूर जोडून वाजवले तर पहिलाच टणकतो, तोडून वाजवले तर प्रत्येक. जॅझवाले याच्यावर जगतात. फाटलेल्या आवाजात पर्कशन तसंही बुडतं, त्यामुळे रिफला बंद ठेवलं तरी चालतं. स्वच्छ, धावत्या जागांना मात्र चालू हवंच.

पट्टी दाबताना येणारा 'टिक' आवाज हा मुळात दोष होता. प्रत्येक पट्टीखाली नऊ संपर्क असतात आणि ते अगदी एकाच क्षणी जुळत नाहीत. कारखान्याला तो टिक नको होता, वादकांना हवा होता. मार्शलमधून तो टिक गिटारची तार प्लेक्ट्रमनं छेडल्यासारखा ऐकू येतो, आणि ऑर्गन गिटार वाटण्यामागचं हे आणखी एक कारण.

सध्या बहुतेकांच्या हाताशी हॅमंडचा क्लोन (त्याच्या आवाजाची नक्कल करणारा डिजिटल कीबोर्ड) किंवा संगणकातलं सॉफ्टवेअर असतं. त्यावर क्रम असा ठेवावा: ऑर्गन, मग ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारा इफेक्ट), मग बारा इंची चार स्पीकरच्या गिटार कॅबिनेटची नक्कल. फिरत्या स्पीकरची नक्कल आधी पूर्ण बंद. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. ऑर्गन म्हटला की लेस्ली जोरात फिरवायची सवय असते, आणि डिस्टॉर्शनवर वेगानं फिरणारा लेस्ली म्हणजे रिफचा कणाच मोडला. कॅबिनेटची नक्कल वगळली तरी बिघडतं. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं गिळून टाकतो. ते गिळलं गेलं नाही तर उरते नुसती मधमाश्यांची गुणगुण. लेस्ली हवाच असेल तर संथ वेगावर, फाटलेल्या आवाजाच्या नंतर, थोडासा मिसळून. वेग बदलताना भोंगा सेकंदभरात वेग घेतो, खालचा जड ड्रम पाच-सहा सेकंद घेतो. चांगल्या नकलेत ही तफावत असते, स्वस्त नकलेत दोन्ही एकदम पळतात.

खरा हॅमंड मिळाला, आणि तो वर्षानुवर्षं बंद पडून असेल, तर घाई करू नये. चकत्यांच्या बेअरिंगना तेल सुती दोऱ्यांतून झिरपत जातं. वर्षातून एकदा हॅमंडचंच पातळ तेल नरसाळ्यांत घालायचं, आणि बंद वाद्यात घातलं तर सुरू करण्याआधी काही दिवस थांबायचं. शिवणयंत्राचं किंवा गंज सोडवणारं तेल घातलं तर ते दोऱ्यांत चिकट होऊन बसतं, मग पुढचं तेलही पोचत नाही. सुरू करताना स्टार्टचा खटका आठ सेकंद दाबून धरायचा, तो तसाच धरून रनचा खटका लावायचा, आणखी चार सेकंदांनी स्टार्ट सोडायचा. दोन खटके यासाठी, की मुख्य मोटर विजेच्या लयीत फिरते पण उभ्या उभ्या स्वतः सुरू होऊ शकत नाही. दुसरी छोटी मोटर तिला आधी वेग देते. स्टार्ट लवकर सोडला तर चकत्या मंदावतात, सूर घसरतो आणि वाद्य थांबतं.

मोटर विजेच्या लयीत फिरते, याचे परिणाम मंचावर भोगावे लागतात. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ऑर्गन ५० हर्ट्झवर लावला तर सगळं वाद्य तीन अर्धस्वरांहून थोडं जास्तच खाली वाजतं. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. मैदानातल्या जनरेटरवर लय ५० ऐवजी ५१ झाली तरी सूर अर्धस्वराच्या एक तृतीयांशाइतका चढतो. अशा वेळी गिटारवाल्यांनी ऑर्गनशी जुळवायचं. उलटं शक्य नाही.

लेस्ली काढून थेट मार्शल जोडला आणि ऑर्गन मुका झाला, असंही घडतं. त्याचं कारण: १२२ मॉडेलसारख्या लेस्लीशी जोडलेल्या काही ऑर्गनच्या प्री-अँपला (ऑर्गनच्या आतल्या पहिल्या ध्वनिवर्धकाला) लागणारा जवळपास तीनशे व्होल्टचा डीसी पुरवठा लेस्लीच्याच जाड केबलमधून येतो. केबल काढली की पुरवठाही गेला. म्हणून लेस्ली जोडलेला ठेवून सिग्नलची वेगळी वाट काढावी लागते, तीही पातळी कमी करून, कारण गिटार अँपच्या तोंडाला हॅमंडचा सिग्नल फार मोठा पडतो. हे काम ट्यूबची यंत्रं हाताळणाऱ्यानंच करावं. तीनशे व्होल्ट डीसी जिवावर बेततो, आणि यंत्र बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो. १२२ आणि १४७ या दोन लेस्लींचे सहा पिनांचे प्लग एकमेकांत बसतात, पण आतली जोडणी वेगळी आहे. एकाची केबल दुसऱ्याला लावली तर नुकसान ठरलेलं.

बिघाड ओळखायची एक सोपी युक्ती. एकाच पट्टीवर एखादाच ड्रॉबार वाजत नसेल तर संपर्कावर धूळ आहे, ती पट्टी पन्नासेक वेळा भराभर दाबली की बहुधा सुटते. एकच सूर अनेक पट्ट्यांवर, वेगवेगळ्या ड्रॉबारांत गायब असेल तर दोष त्या चकतीकडे किंवा तिच्या फिल्टरकडे आहे, तिथे पट्टी बडवून काही होणार नाही. लॉर्डचा पहिला सी-३ सुद्धा अखेर थकला. १९७३ मध्ये त्यानं दुसरा घेतला तो फ्लीटवुड मॅकच्या क्रिस्टीन मॅकव्हीकडून. वजनाचं म्हणाल तर बाक आणि पायपट्ट्यांसकट दोनशे किलोच्या घरात. हे धूड वर्षानुवर्षं ट्रकमधून नेणाऱ्या रोडींची (बँडचं सामान हलवणाऱ्या मदतनिसांची) आठवण कुणी काढत नाही.

आता ऐकण्याचं. १६ जुलैसाठी क्रम लावायचा तर 'स्मोक ऑन द वॉटर' आधी ठेवावं, पण ऑर्गन कुठे येतो हे शोधण्यासाठी. त्याच 'मशीन हेड' अल्बममधलं 'लेझी' लगेच पुढे, कारण तिथे सुरुवातीला ऑर्गन एकटाच आहे आणि फाटलेला आवाज गिटारच्या आडोशाशिवाय ऐकायला मिळतो. हा अल्बम डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रो शहरात, हिवाळ्यासाठी बंद असलेल्या हॉटेलच्या मार्गिकांत रेकॉर्ड झाला. ४ डिसेंबरला कॅसिनो जळाल्यामुळे ठरलेली जागा गेली होती. पुढे 'हायवे स्टार'चा ऑर्गन सोलो. त्यातली कॉर्डची चाल बाखच्या वळणाची आहे, आणि लॉर्डचं लहानपणीचं शास्त्रीय शिक्षण तिथे दाखवायला नव्हे तर गाणं पुढे ढकलायला कामी आलं आहे. लक्ष देऊन ऐका, एकही कॉर्ड अडखळत नाही.

'चाइल्ड इन टाइम' मात्र 'मेड इन जपान'वरचंच ऐकावं. ऑगस्ट १९७२ चे ओसाका आणि टोकियोचे कार्यक्रम, स्टुडिओतली डागडुजी जवळजवळ नाही. सुरुवातीचा ऑर्गन स्वच्छ आणि पेडल मागे, आणि मग पेडल जसजसं पुढे जातं तसतसा आवाज फाटत जातो. वर पायाबद्दल जे लिहिलं त्याचा यापेक्षा चांगला नमुना नाही. ही सुरुवातीची धून 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या अमेरिकी बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरून उचललेली आहे, आणि बँडमधल्यांनी ते कधी लपवलं नाही. उचलणं झालं, पण त्या दोन-तीन सुरांतून दहा-बारा मिनिटांची चढण बांधणं ही वेगळी कारागिरी. शेवटी १९८४ चं 'परफेक्ट स्ट्रेंजर्स': सुरुवातीला एकटा, गुरगुरणारा हॅमंड. तेव्हा जगभरचे कीबोर्डवाले डिजिटल सिंथकडे (सिंथेसायझरकडे) पळत होते.

ऑर्केस्ट्राच्या बाजूला अनेक चाहते फिरकतच नाहीत. 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला: रॉयल फिलहार्मोनिक, निर्देशक माल्कम अर्नोल्ड, तीन भाग. खरं सांगायचं तर पहिल्या भागात बँड आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांची वाट पाहत बसल्यासारखे वाटतात. जमतं ते नंतर. लिखित स्वरलेखन पुढे हरवलं. मार्को दे खुई या डच संगीतकारानं रेकॉर्डिंग ऐकून आणि चित्रफीत पाहून ते पुन्हा लिहून काढलं, आणि १९९९ मध्ये त्याच हॉलमध्ये लंडन सिम्फनीबरोबर ते पुन्हा वाजलं. स्टुडिओतली आवृत्ती २०१२ मध्ये आली, लॉर्ड गेल्यानंतर. १९६९ ची आणि ही शेजारी ठेवून ऐकली की पाठांतर आणि सराव यांतला फरक कळतो. ४ एप्रिल २०१४ ला त्याच अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. डीप पर्पल होतेच, रिक वेकमन, ग्लेन ह्यूज, ब्रूस डिकिन्सनही होते. पहिला अर्धा भाग त्याच्या ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनांना दिला होता, आणि तो वगळून थेट रॉकवर उडी मारणाऱ्यांनी अर्धा माणूसच पाहिला.

स्मरणाच्या दिवशी आणखी एक गोंधळ होतो: सगळे कीबोर्डवाले एकाच माळेत ओवले जातात. २०१३ मध्ये गेलेला 'द डोअर्स'चा रे मँझरेक उजव्या हातानं ऑर्गन आणि डाव्या हातानं फेंडरचा बास कीबोर्ड वाजवायचा, कारण मंचावर त्यांच्याकडे बासवाला नव्हता. २०१६ मध्ये गेलेला कीथ एमर्सन हॅमंडशी झुंजायचा आणि शेजारी मूग सिंथ. २००८ मध्ये गेलेला पिंक फ्लॉइडचा रिक राइट याच्या अगदी उलट, आवाज मागे पसरून ठेवणारा. यांतल्या कुणाचाच आवाज लॉर्डच्या मांडणीनं येणार नाही.

खरा हॅमंड हाताशी असेल तर शेवटचा प्रयोग करून पाहता येतो. तीन ड्रॉबार पूर्ण बाहेर, पेडल अर्ध्यावर, डाव्या हातानं खर्जातले दोन सूर दाबून धरायचे आणि उजव्या हातानं रनचा खटका बंद करायचा. चकत्या मंदावत जातात तसा सूर खाली खाली घसरतो, अँपची गुरगुर विरत जाते. पूर्ण थांबायच्या आत पुन्हा रन लावून स्टार्ट दाबून धरला तर वेग हळूहळू परत चढतो. अगदीच थांबला तर मात्र पुन्हा आठ सेकंद स्टार्ट.